दुसरा स्लॉट

सीनू गड्डमला मीच सांगितलं होतं,
उतरल्या उतरल्या विमानतळावरच सिम घे.
बाहेर स्वस्त मिळतं, पण बाहेर भाषा महाग पडते.
सांगितलं अशा थाटात
की महिन्यातून दोनदा मी अदिस अबाबाला जाऊन येतो.
खरं तर अशोक चौक ते नवी पेठ एवढीच माझी उड्डाणं,
आणि होटगी रोडच्या कुंपणातून पाहिलेलं
एक विमान, तेही उभं.

सिम काढायची पिन मी त्याला फुकट दिली.
तो हसला. टॉवेलच्या मागावर
तुटलेला धागा चिमटीत धरणारी बोटं ती,
त्यांना पिनेचं काय कौतुक.
तिकडं नवे माग आलेत, बसवणारा माणूस नाही,
म्हणून निघाला होता. दोन वर्षांचा करार.

जुनं सिम त्यानं अम्माच्या बटनवाल्या फोनात घातलं,
दुसऱ्या स्लॉटमध्ये.
"बँकेचे आकडे येतील, तेवढे वाचून दाखव."
अम्मा म्हणाली, रोज हजार विड्या मोजते,
सहा आकडे काय मोजायचे.

बुधवारी दुपारी ती दुकानात आली,
मांडीवरचं सूप तसंच टाकून, बोटांना तंबाखूचा वास.
"शिवप्पा, चोर मागं लागलाय. दोनशे एक्कावन्नवाला.
सात वेळा केला. सात वेळा कापले मी."

आठव्यांदा माझ्या काउंटरवर वाजला.
मी स्पीकर लावला.
मागं कुणी बाई लांबलचक काहीतरी पुकारत होती,
चाकांच्या बॅगा घरंगळत होत्या.
"अम्मा, नेनू."
"नेनू तर कुणीबी म्हणंल."
"सिम घेतलं अम्मा. दीड तास रांग.
फोटो काढले, पासपोर्टची झेरॉक्स काढले,
माझं कार्ड चालंना, आता ओटीपी आला असंल बघ, सांग लवकर."

अम्मानं फोनवर तळवा दाबला
आणि माझ्या डोक्यावरच्या पाटीकडं पाहिलं.
ओटीपी कोणालाही सांगू नका.
पाटी मीच चिकटवलेली.
तिला वाचता येत नाही,
पण तिच्या नातीनं तीनदा वाचून दाखवली होती.

तळवा काढला. आवाज बदलला,
विडी कारखान्यात छाटवाल्याशी भांडतानाचा लावला.
"आपल्या टॉवेलावर मोर होता. तोंड कुणीकडं?"

तिकडं शांतता. बॅगा थांबल्यासारख्या.
"दोन्ही डावीकडं.
नायनानं जेकार्डचं कार्ड उलटं लावलं होतं.
एकशे चाळीस टॉवेल गड्ड्यावर
निम्म्या भावानं विकले आपण.
तू रात्री ढोकळ्यासारखी फुगून बसलीस, जेवली नाहीस."

"ढोकळा नको काढू," अम्मा म्हणाली,
आणि आकडे सांगू लागली.
मी मेसेज वाचायचो, ती पुढं म्हणायची,
कट्टा बांधताना मोजतात तसं, प्रत्येकावर थांबून.
चार. शून्य. शून्य. सात.
मला घाई, तिला नाही.
सहावा आकडा दिला आणि लगेच विचारलं,
"तिन्नावा?"

उत्तरात दुसरीच बाई बोलली,
शांत, गोड, एक अक्षर कळेना.
"पैसे संपले," अम्मा म्हणाली.
मीही तेच समजलो होतो.

आता दर अठ्ठावीस दिवसांनी येते.
स्वतःच्या सिमला एक, सीनूच्या सिमला एक.
मी म्हटलं, अम्मा, त्याला एवढा मोठा लागत नाही,
तो नंबर बोलतो कुठं?
म्हणाली, पडीक ठेवलं तर दुसऱ्याला देतात म्हणे.
नोटा चुरगळलेल्या असतात. मी इस्त्री केल्यासारख्या
काउंटरवर सरळ करतो आणि गल्ल्यात टाकतो.

पाटी अजून तिथंच आहे.
तिच्याखाली स्केचपेननं मी एक ओळ वाढवली:
मोर विचारा.
गिऱ्हाइकं वाचतात, माझ्याकडं बघतात.
मी विचारतो,
कितीचा मारू?